दोन तुकड्या, दोन आलेख: बटाट्याच्या रसातल्या एन्झाइमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक शहराच्या कडेचं एक कनिष्ठ महाविद्यालय. बारावी विज्ञानाच्या दोन तुकड्या, एक सकाळची आणि एक दुपारची. निम्मी मुलं शहरातली, निम्मी निफाड, दिंडोरी, सिन्नरहून एसटीने येणारी. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मिसळून, शंका मात्र अस्सल मराठीत. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला मुलं मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांचा रासायनिक गतिकीचा धडा शिकवून झाला होता. त्यातलं एक वाक्य मुलांच्या तोंडी पक्कं बसलं होतं: तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. का होतो, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘रेणू जास्त वेळा एकमेकांवर आपटतात.’

हे उत्तर किती तोकडं आहे ते साध्या हिशोबात कळतं. 25 अंशांवरून 35 अंशांवर गेलं तर रेणूंचा सरासरी वेग जेमतेम दीड-दोन टक्के वाढतो. तेवढ्याने दुप्पट काहीच व्हायचं नाही. दुप्पट होते ती सक्रियन ऊर्जा (ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) गाठू शकणाऱ्या रेणूंची संख्या. अऱ्हेनियसने 1889 मध्ये मांडलेलं समीकरण हेच सांगतं, आणि ‘दुप्पट’ हा शब्द त्यात कुठेच नाही. सक्रियन ऊर्जा मोलमागे 50 किलोज्यूलच्या जरा वर असेल तर खोलीच्या तापमानाजवळ दहा अंशांना दुप्पट येतं. ऊर्जा कमी असेल तर वाढही कमी.

मॅडमना हे फळ्यावर सांगायचं नव्हतं, करून दाखवायचं होतं. शिवाय एन्झाइमचा, म्हणजे सजीवांतल्या अभिक्रियांचा वेग वाढवणाऱ्या विकरांचा, भाग मुलं जीवशास्त्रात एक आणि रसायनशास्त्रात एक असा वेगवेगळा पाठ करत होती, त्याचाही सांधा जुळवायचा होता. प्रकल्पाची फाईल तशीही सगळ्यांना करायचीच होती. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही तुकड्यांना एकच प्रयोग दिला: बटाट्यातलं कॅटलेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन किती झपाट्याने करतं, आणि तापमान बदललं की त्या वेगाचं काय होतं.

प्रयोगाची रचना

बटाटा किसायचा, फडक्यातून पिळून रस काढायचा, रस बर्फात ठेवायचा. पाच मिलिलिटर रस परीक्षानळीत घेऊन ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात ठेवायचा. मग तो चंचुपात्रातल्या पाच मिलिलिटर 3 टक्के पेरॉक्साइडमध्ये ओतायचा... असं आधी ठरलं होतं, पण वायू निसटतो म्हणून चंचुपात्राऐवजी शंकूपात्र आणि नळी लावलेलं बूच आलं. नळीचं दुसरं टोक पाण्यात उपड्या धरलेल्या मोजपात्राखाली. ऑक्सिजन जमेल तसं पाणी खाली उतरतं, दर 15 सेकंदांनी आकडा लिहायचा.

तापमानं सहा: 15, 25, 35, 45, 55 आणि 65 अंश सेल्सिअस. वॉटर बाथ एकही धड नव्हता, म्हणून सहा मोठ्या बीकरमध्ये गरम-गार पाणी मिसळून तापमान राखायचं ठरलं. वायू मोजायची जुळणी मात्र दोनच होती. पुढचं सगळं या दोन जुळण्यांपाशी येऊन ठेपतं, पण तेव्हा तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पहिल्याच तासाला दुपारच्या तुकडीतल्या एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, बटाटा किसला, पिळला, म्हणजे तो मेला ना? मग त्याचं एन्झाइम काम कसं करणार?’ वर्गात हशा झाला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकात मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नावर भांडत होते. आंबवण्याची क्रिया जिवंत पेशीशिवाय होऊच शकत नाही, असं लुई पाश्चरचं मत होतं. 1897 मध्ये एडुआर्ट बुख्नरने यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून, त्याचा पेशीविरहित रस काढला आणि तो साखरेत टाकला, तर साखर आंबली. त्यासाठी 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. मॅडमनी हे सांगितलं आणि म्हणाल्या, ‘तू आज फडक्यातून पिळतोयस ना, तेच त्याने केलं होतं.’

अडचण

सकाळच्या तुकडीचा आलेख 45 अंशांवर शिखर दाखवत होता. दुपारच्या तुकडीचा 35 वर. पुस्तकातला आलेख साधारण 37 ते 40 च्या मध्ये वळतो. तीन आकडे, आणि एकही दुसऱ्याशी जुळेना.

त्यातच आणखी गोंधळ. सकाळच्या एका गटाने लिहिलं होतं की तापमानाचा काहीच परिणाम होत नाही, कारण 25 ला आणि 35 ला शेवटी वायू सारखाच जमला. हा गट चुकीचं मोजत नव्हता, चुकीचं वाचत होता. पेरॉक्साइड तेवढंच असेल तर ते संपल्यावर ऑक्सिजनही तेवढाच निघणार, मग दोन मिनिटांत संपो की दहा मिनिटांत. वेग आलेखाच्या सुरुवातीच्या चढात असतो, शेवटच्या सपाटीत नसतो. हा मुद्दा मॅडमनी तिथल्या तिथे निस्तरला: पहिल्या 30 सेकंदांत किती मिलिलिटर, तेवढंच घ्यायचं.

तसं केल्यावरही शिखरांतला फरक राहिला. दोन्ही तुकड्यांत आता वाद पेटला. ‘तुमचा थर्मामीटर बाद आहे’ पासून ‘तुम्ही रीडिंग मनाने लिहिली’ पर्यंत. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होती, जर्नलवर सही हवी होती, आणि कोणाची रीडिंग ‘बरोबर’ ते मॅडमनी सांगावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

समोरचे पर्याय

विभागात यावर चर्चा झाली ती मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो.

पहिला पर्याय एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवला, तोही अगदी सहज: मागच्या वर्षीच्या जर्नलमधली आदर्श रीडिंग फळ्यावर लिहून द्या, मुलं उतरवून घेतील. हे ऐकून कोणी दचकलं नाही. बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, आणि त्यामागे आळसच असतो असं नाही. दोन जुळण्या, शंभरावर मुलं, संपत आलेलं वर्ष, अशा अडचणीत माणूस हेच करतो.

दुसरा पर्याय जास्त फसवा होता. 45 आणि 35 यांची सरासरी काढली तर बरोबर 40 येते. पुस्तकाशी जुळतं, दोन्ही तुकड्यांचा मान राहतो, आणि ‘सरासरी घेतली’ हे शास्त्रीयही वाटतं. मॅडम इथे थोडा वेळ रेंगाळल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं. पण सरासरी कशाची काढतात? एकाच गोष्टीच्या अनेक मोजण्यांची. दोन तुकड्यांनी एकच गोष्ट मोजली होती का, हेच ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसताना काढलेली सरासरी म्हणजे प्रश्नावर घातलेलं पांघरूण.

तिसरा पर्याय, सगळा प्रयोग दोन्ही तुकड्यांकडून पुन्हा करून घ्यायचा. वेळ नव्हता, आणि तीच पद्धत पुन्हा वापरली तर तेच दोन आकडे पुन्हा आले असते.

जीवशास्त्राच्या सरांनी चौथा रस्ता दाखवला. दोन तुकड्यांत नेमकं काय काय वेगळं होतं त्याची यादी करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. निवडक मुलं, दुपारचा रिकामा तास, एवढ्यावर भागेल. मॅडमनी हा निवडला. सोबत एक अटही घातली: तोवर कोणीही आपलं रीडिंग खोडायचं नाही.

केलेली कृती

यादी करायला मुलंच बसली. पहिला संशय अर्थातच थर्मामीटरवर. बर्फाच्या पाण्यात दोन्ही शून्याजवळ आले. उकळत्या पाण्यात मात्र दोन्ही 98 च्या आसपास थांबले आणि मुलांना चोर सापडल्यासारखं झालं. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी, म्हणून पाणी 98 लाच उकळतं. थर्मामीटर निर्दोष सुटले.

दुसरा संशय पेरॉक्साइडवर, आणि तो काही अंशी खरा निघाला. 30 टक्क्यांच्या बाटलीतून पातळ करून 3 टक्के द्रावण सकाळी एकदाच केलं जायचं, साध्या पांढऱ्या काचेच्या बाटलीत, खिडकीजवळ. शिवाय पातळ करायला बोअरचं पाणी वापरलं होतं. लोह, मँगनीजसारख्या धातूंचे आयन पेरॉक्साइडच्या विघटनाला हातभार लावतात, आणि उजेडही. दुपारपर्यंत द्रावण फिकं पडत असणार.

हे तपासायची युक्ती सोपी होती. पाच मिलिलिटर द्रावणात चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकायचं आणि एकूण किती ऑक्सिजन निघतो ते मोजायचं. 3 टक्के पेरॉक्साइडला बाजारात ‘10 व्हॉल्यूम’ म्हणतात, म्हणजे एक मिलिलिटर द्रावणातून प्रमाण तापमान-दाबाला साधारण 10 मिलिलिटर ऑक्सिजन. पाचाचे 50 यायला हवेत. ताज्या द्रावणाने 60 च्या जवळ दिले आणि मुलं पुन्हा चक्रावली, पण हिशोब करून बघितला तर तेही बरोबर होतं: शून्य अंशाऐवजी खोलीचं तापमान, नाशिकचा कमी दाब, आणि मोजपात्रात ऑक्सिजनबरोबर थोडी पाण्याची वाफ. तिन्ही मिळून 50 चे 60 होतात. आदल्या सकाळच्या द्रावणाने मात्र बरेच कमी दिले.

मग गुन्हेगार हाच का? इथे सकाळच्या तुकडीतल्या एका मुलीने अडवलं. पेरॉक्साइड फिकं असेल तर सगळ्याच तापमानांना वेग कमी यायला हवा, म्हणजे आलेख खाली सरकेल. तो डावीकडे कशाने सरकेल? मॅडमनी तिला फळ्यावर दोन्ही आलेख काढायला लावले आणि वर्ग गप्प झाला. द्रावणाची तीव्रता, बटाटा ताजा की जुना, रस पातळ की घट्ट, या सगळ्यांनी शिखराची उंची बदलते. शिखराची जागा बदलायला तापमानाशी किंवा काळाशी संबंधित काहीतरी हवं. यादीतल्या निम्म्या गोष्टी त्या एका प्रश्नाने गळाल्या.

त्याच मुलीने पुढची गोष्टही पकडली. रस आणि पेरॉक्साइड एकत्र केल्यावर तिने पात्रात थर्मामीटर बुडवला. 45 अंशांचा रस, आणि डिसेंबरच्या सकाळी 14 अंशांवर असलेलं पेरॉक्साइड. मिश्रण 30 च्या आसपास. म्हणजे आलेखावर ज्या बिंदूला 45 लिहिलं होतं तिथे अभिक्रिया 45 ला होतच नव्हती! दुपारी प्रयोगशाळा 27 अंशांवर असायची, तेव्हा हेच मिश्रण 36 च्या पुढेमागे. जर्नलमध्ये मात्र दोन्ही तुकड्यांनी ‘रूम टेंपरेचर 25’ असं न मोजता लिहून टाकलं होतं, कारण पुस्तकात 25 असतं. निफाडकडच्या मुलांनी तरी हे लिहू नये, ती त्याच पहाटे द्राक्षबागेतल्या शेकोट्या बघून आली होती.

रस आणि पेरॉक्साइड दोन्ही आधी त्या-त्या तापमानाला आणून प्रयोग पुन्हा केला. वेग वाढले. पण सकाळच्या पद्धतीने केलेलं शिखर 45 वर आणि दुपारच्या पद्धतीने केलेलं 35 वरच राहिलं. दहा-दहा अंशांच्या पायऱ्यांत एवढंच दिसू शकतं, तरी फरक संपला नव्हता हे नक्की.

खरा धागा प्रयोगशाळेतल्या मामांनी दिला. ते म्हणाले, ‘मॅडम, सकाळी पोरं असतात किती? निम्मी क्लासला. आली की लगेच नंबर लागतो. दुपारी सगळ्यांच्या नळ्या बीकरमध्ये पडून असतात, पंचवीस-पंचवीस मिनिटं.’

सकाळची उपस्थिती कमी होती, थंडी आणि कोचिंग क्लास ही दोन्ही कारणं. त्यामुळे रस गरम पाण्यात तीन-चार मिनिटं राहायचा आणि लगेच मोजला जायचा. दुपारी तुकडी भरलेली, जुळण्या दोन, रांग लांब. कृतीपत्रिकेत लिहिलं होतं, ‘रस ठरलेल्या तापमानाला आणा.’ किती वेळ ठेवा, हे लिहिलंच नव्हतं.

मग तीन चाचण्या लावल्या.

पहिलीत 45 अंशांवर रस दोन, पाच, दहा, वीस, तीस मिनिटं ठेवून प्रत्येक वेळी वेग मोजला. दोन मिनिटांना उत्तम, वीस मिनिटांना उतरलेला, तिसाला आणखी. 35 अंशांवर हाच प्रकार केला तर रेषा जवळजवळ सपाट. इथेच निकाल लागला होता, तरी मॅडम थांबल्या नाहीत.

दुसरीत 45 ला पंचवीस मिनिटं ठेवलेला रस परत 25 वर आणला आणि कधीच न तापवलेल्या रसाशी तुलना केली. तापवलेला मागेच राहिला. उलट बर्फात ठेवलेला रस 25 ला आणल्यावर पूर्ववत चालला. थंडी एन्झाइमला मंद करते, उष्णता त्याची घडण मोडते. प्रथिनाच्या साखळीची विशिष्ट घडी उलगडली की पेरॉक्साइड जिथे बसतं ती जागाच राहत नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘उकडलेलं अंडं फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून कच्चं होतं का!’ 

तिसरी चाचणी मला सर्वांत देखणी वाटते. बटाट्याच्या रसाऐवजी पोटॅशियम आयोडाइडचं थोडंसं द्रावण. अभिक्रिया तीच, उत्प्रेरक वेगळा. आयोडाइड साधा आयन, त्याला उलगडायला घडी नाही. 25, 35, 45, 55, वेग चढतच गेला, दर दहा अंशांना साधारण दुप्पट. आणि पंचवीस मिनिटं गरम पाण्यात ठेवल्याने त्याच्यात तिळमात्र फरक पडला नाही. म्हणजे आलेख वळतो तो पेरॉक्साइडमुळे नाही, एन्झाइममुळे.

याच चाचणीने ते ‘दुप्पट’चं वाक्यही मोडलं. उत्प्रेरकाशिवाय पेरॉक्साइड फुटायला मोलमागे सुमारे 75 किलोज्यूल सक्रियन ऊर्जा लागते. आयोडाइडमुळे ती 56 च्या आसपास येते, आणि कॅटलेजमुळे मूळच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. 23 किलोज्यूल धरून 25 ते 35 अंशांचा हिशोब केला तर वेग दुप्पट होत नाही, एक तृतीयांशाने वाढतो. मुलांच्या बटाट्याच्या रीडिंगमध्येही वाढ अशीच माफक होती, आणि काहींनी तर ती ‘चूक’ समजून पेन्सिलीने वाढवून ठेवली होती. उंबरठा जितका कमी, तितकी तापमानाची मातब्बरी कमी. अऱ्हेनियसचं समीकरण सोडवून जे कळत नव्हतं ते दोन उत्प्रेरक शेजारी ठेवल्यावर मुलांना दिसलं.

शिखर का सरकतं

थोडं थांबून रसायन नीट पाहू, कारण पुस्तकात हा भाग एका वाक्यात उरकलेला असतो.

तापलेल्या रसात दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात. एक, एन्झाइम पेरॉक्साइड फोडतं. दुसरी, एन्झाइम स्वतः मोडतं. दोन्हींचा वेग तापमानाने वाढतो, पण सारखा वाढत नाही. पहिलीची सक्रियन ऊर्जा कमी, म्हणून ती दहा अंशांना थोडी वाढते. दुसरीची मोठी, कारण घडी उलगडायची तर अनेक कमजोर बंध एकदम सुटावे लागतात. ती 200 किलोज्यूल धरली तर 45 वरून 55 ला जाताना मोडण्याचा वेग दहापट होतो.

मोडणं ही काळाबरोबर साचत जाणारी क्रिया आहे. 45 अंशांवर तीन मिनिटांत थोडंच एन्झाइम मोडेल, आणि उरलेलं जास्त तापमानामुळे जोरात चालेल, त्यामुळे 45 जिंकेल. पंचवीस मिनिटांत बरंच मोडेल आणि 35 पुढे जाईल. म्हणजे ‘ऑप्टिमम तापमान’, वेग सर्वांत जास्त असतो ते तापमान, हा पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा पदार्थाचा अंगभूत आकडा नाही. तो एन्झाइम, पीएच (द्रावण किती आम्लधर्मी याचं माप) आणि किती वेळ ठेवलं या सगळ्यांनी मिळून ठरतो. वेळ न सांगता दिलेला 40 हा आकडा अर्धं वाक्य आहे.

दोन्ही तुकड्या बरोबर होत्या. त्यांना वेगवेगळे प्रश्न विचारले गेले होते, इतकंच.

निष्पत्ती

मॅडमनी दोन्ही तुकड्यांच्या जर्नलवर त्यांच्या-त्यांच्या रीडिंगसह सह्या केल्या. अट दोनच: रस किती वेळ ठेवला तो रकाना जोडायचा, आणि खोलीचं तापमान मोजलेलं लिहायचं. प्रकल्पाच्या फाईलमध्ये दोन्ही आलेख एकाच आलेखपत्रावर, दोन रंगांत.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. सकाळी न येणाऱ्या कोचिंगच्या मुलांनी मित्रांची जर्नलं जशीच्या तशी उतरवली, अगदी 14 अंश खोलीच्या तापमानासकट, आणि त्यांतल्या काहींच्या प्रयोगाची तारीख फेब्रुवारीची होती. काही मुलं नाराजही झाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ‘प्रवेश परीक्षेत चार पर्याय असतात मॅडम, तिथे “वेळेवर अवलंबून” असा पर्याय नसतो.’ हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. मॅडमचं उत्तर असं की, माणसाच्या शरीरातल्या एन्झाइमबद्दल विचारलं तर 37 च्या आसपासचा पर्याय निवडा, कारण तिथे तापमान आणि परिस्थिती दोन्ही गृहीत असतात. प्रयोगशाळेत मोजलं असेल तर जे मोजलं ते लिहा. सगळ्यांना ते पटलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, ऑप्टिमम किती? ती म्हणाली, ‘सर, किती मिनिटं ठेवायचं?’ परीक्षकांनी फाईल मागे-पुढे चाळली आणि पुढचा प्रश्न वेगळ्याच धड्यातला विचारला. गुणांवर त्याचा परिणाम काय झाला ते कळायला मार्ग नाही.

एक गोष्ट मात्र टिकली. वर्षअखेरीस एका गटाने स्वतःहून पेरॉक्साइडची तीव्रता दुप्पट-चौपट करून पाहिली. वेग सुरुवातीला वाढला आणि मग वाढेनासा झाला. एन्झाइमच्या सगळ्या जागा भरल्या की जास्त पेरॉक्साइड बाहेर ताटकळत राहतं. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी 1913 मध्ये इन्व्हर्टेज या एन्झाइमवर काम करून याचंच समीकरण मांडलं. या मुलांना ते नाव ठाऊक नव्हतं, आलेख मात्र त्यांनी बरोबर वाचला.

काय वेगळं करता आलं असतं

वेळेचा रकाना पहिल्या दिवसापासून हवा होता, हे उघड आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नळ्या एकदम पाण्यात न टाकता नंबर लागेल तशा, पाच मिनिटं आधी, टाकायला हव्या होत्या. जुळण्या दोनच असल्या तरी त्याने रांगेचा त्रास एन्झाइमला झाला नसता.

पेरॉक्साइड ऊर्ध्वपातित पाण्यात, तपकिरी बाटलीत, प्रत्येक तुकडीसाठी ताजं करावं. 30 टक्क्यांची बाटली मुलांच्या हाती देऊच नये. कातडीवर थेंब पडला की पांढरा डाग पडतो आणि चुरचुरतं; पातळ करायचं काम हातमोजे घालून शिक्षकांनीच करावं. बाटलीचं झाकण वायू साठणार नाही असं, हवा सोडणारं असावं.

पीएच कोणी पाहिलाच नाही. कॅटलेजला उदासीन, म्हणजे 7 च्या आसपासचा पीएच मानवतो, आणि बटाट्याचा रस किंचित आम्लधर्मी असतो. पीएच स्थिर राखणारा फॉस्फेट बफर घातला असता तर वेग बहुधा वाढले असते. शिखराची जागाही थोडी हलली असती का, हे या रीडिंगवरून सांगता येत नाही. प्रत्येक बिंदू किमान तीनदा मोजायला हवा होता, आणि 35 ते 55 च्या मध्ये पाच-पाच अंशांच्या पायऱ्या. तेवढा वेळ मिळाला असता का, हा वेगळा प्रश्न.

मला खटकते ती आणखी एक गोष्ट. मामांना पहिल्या दिवशी कोणी विचारलं नाही. दोन्ही तुकड्या डोळ्यांनी पाहणारा त्या खोलीत एकच माणूस होता. थर्मामीटर, बाटली, बटाटा, सगळ्यांची उलटतपासणी झाली आणि साक्षीदार कपाटापाशी बीकर धूत उभा होता. पुढच्या वर्षीच्या कृतीपत्रिकेवर मॅडमनी शेवटी एक ओळ वाढवली आहे: प्रत्येक नळी पाण्यात कधी टाकली आणि कधी काढली, त्या दोन वेळा मामांच्या वहीत लिहून घ्याव्यात.